केवळरामचा भोंगा

४ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचे! तुमसर रोडला उतरलो तेव्हा मनिषच्या अंगावर इतक्या पिशव्या लोंबत होत्या की ऑटोवाल्याने ‘दुकान कुठी लावता जी?’ म्हणून विचारलं. तिथून जीपने नाकाडोंगरी, आणि नाकाडोंगरीहून आणखी आत, जंगलाला खेटून असलेलं हे गाव. ट्रायपॉड, माइकच्या काठ्या आणि मी, असे तिघे मागच्या सीटवर एकमेकांना टोचत आलो. पण खिडकीतून दोन्ही बाजूंना पिवळाधम्मक धान दिसत होता आणि मला नाशिक सोडल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

आमचे घरमालक लक्ष्मणराव. उंच, कमी बोलणारे. त्यांची बायको आनंदाबाई त्यांच्या वाटचंही बोलते. आम्हाला धानाच्या कोठीशेजारची खोली दिली आहे. कोठीत मागच्या वर्षीचा धान उरला आहे, त्यामुळे खोलीत सतत वाळल्या गवतासारखा गोड वास येतो. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांगी. आनंदाबाई मनिषच्या ताटात वाढतच राहिल्या. ‘पोट्टा पार वाळून गेला, बाई, तुमी याले खाऊ घालत नाई का?’ असं मलाच सुनावलं. मनिष सासू भेटल्यासारखा खूश!

भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो आहे, हार घातलेला. मी विचारायच्या आत आनंदाबाई उठून आत गेल्या.

५ नोव्हेंबर

आनंदाबाईंनी आज विचारलं, सिनेमात हिरो कोण? मला काही धड सांगता आलं नाही. म्हणून निदान इथे लिहून बघते.

चित्रपटाचं नाव ‘राखण’. त्यात माणूस दिसणार नाही. शेतात शिरणाऱ्या जनावरांना हाकलायला माणूस जे जे आवाज काढतो, डबे बडवणं, फटाके, आरोळ्या, ते फक्त ऐकू येणार, आणि पडद्यावर जंगल ते ऐकताना दिसणार. शिवाय सगळं उलटं, शेवटाकडून सुरुवातीकडे. कापलेला धान उभा राहील, धूर चुलीत परत जाईल, आरोळी तोंडात परत जाईल. माणूस मागे मागे सरकेल आणि जंगल पुढे पुढे येईल. मनिष हे सांगायला लागला की त्याचे हात हवेत उडायला लागतात आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. मी त्याला म्हटलं, आनंदाबाईंना तू फक्त ‘शेतीवरचा आहे’ एवढं सांग.

कॅमेरा आणि आवाज त्याचा. बाकीचं सगळं माझं. मुख्य काम म्हणजे फोकस लावण्यासाठी कॅमेऱ्यासमोर उभं राहणं. ‘थोडी पुढे ये. अजून. अजून थोडी. हां, थांब.’ थांब म्हटलं की थांबायचं, त्याचा फोकस लागला की पळत फ्रेमबाहेर जायचं. चित्रपटात मी कुठेच नसते आणि प्रत्येक शॉटच्या आधी मीच असते. लग्न झाल्यापासून निम्मा काळ मी पुढे येण्यातच घालवला आहे. आणि शॉट कितीही चांगला झाला तरी त्याचं ‘हर्षा, अजून एकदा’ चुकत नाही. कधीतरी मी त्याला ट्रायपॉडने मारणार आहे.

७ नोव्हेंबर

आज पोटभर हसले, आणि नंतर अंगावर काटाही आला. क्रमाने लिहिते.

इथे प्रत्येक बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, भोंगा असतो. बॅटरीवर चालणारा. शेतकरी त्यात स्वतःचा आवाज भरतो, आणि मग तो घरी झोपतो आणि त्याचा आवाज शेत राखतो. शेजारच्या शेतातल्या जागेश्वरभाऊंचा भोंगा ऐकला. ‘हाऽट! हाऽट डुकरा!’ मग खोकला. मग ‘अवं, चाय ठेव!’ मग पुन्हा ‘हाऽट!’ चहाचं चुकून भरलं गेलं आणि पुसायचं कसं ते त्यांना माहीत नाही. त्यांच्या मते डुकरं चहालाच जास्त घाबरतात. मनिषने ते तिथल्या तिथे रेकॉर्ड केलं, तीनदा.

लक्ष्मणरावांच्या शेतात मात्र भोंगा नाही. त्यांचं शेत अगदी जंगलाच्या कडेला, सगळ्यात जास्त गरज त्यांनाच. मी विचारलं तर जागेश्वरभाऊंचा चेहराच बदलला. ते आम्हाला शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे हद्दीच्या बांधावर, घेऊन गेले. तिथे बांधाला लागून वाळक्या-ओल्या डहाळ्यांचा कमरेएवढा ढीग आहे. त्यांनी पळसाची डहाळी मोडून त्यावर टाकली आणि आम्हालाही टाकायला लावली. मग पार मागे वळून, गावाजवळ आल्यावर, हळू आवाजात सांगितलं.

फोटोतला मुलगा म्हणजे केवळराम, या घरातला एकुलता एक. मागच्या वर्षी धान कापताना, भर दुपारी, वाघाने त्याला त्या धुऱ्यावरून नेलं. इथली समजूत अशी की वाघाने मारलेला माणूस सुटत नाही. त्याला वाघाच्या पुढे पुढे चालून वाट दाखवावी लागते, आणि आपल्या जागी दुसरा माणूस मिळवून दिला तरच त्याची सुटका. म्हणून त्या जागेवर येणारा-जाणारा प्रत्येक जण डहाळी टाकतो. त्या भाराने तो तिथेच बसून राहतो. वर्षभर त्याला कोणी हाक मारायची नाही, नाव काढायचं नाही, आणि त्याची हाक ऐकू आलीच तर ओ द्यायची नाही. वर्ष भरून नवा धान घरात आला की त्याच्या नावाने भात रांधतात आणि तो मोकळा होतो. ‘बस, आता थोडेच दिवस रायले जी,’ जागेश्वरभाऊ म्हणाले. ‘या कापणीले सुटन थो. माय-बाप त्याच्याचसाठी जगून रायले.’

त्याच्याच आवाजाचा भोंगा होता त्या शेतात. त्या दिवशी तो रात्र होईपर्यंत वाजत राहिला, म्हणे. मग लक्ष्मणरावांनी तो उपटून पोत्यात बांधला आणि माळ्यावर टाकला.

परत येताना मी मनिषकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. पण त्याचे हात हलायला लागले होते.

९ नोव्हेंबर

लक्ष्मणरावांनी भोंग्याला साफ नकार दिला. एकच वाक्य बोलले, ‘बसवला आहे त्याले, उठवू नोका.’ विषय संपला. मी मनिषला म्हटलं, बरं झालं. तो हो म्हणाला आणि सगळी सकाळ माळ्याकडे बघत बसला.

दुपारी लक्ष्मणराव कापणीच्या माणसांची सोय बघायला बपेऱ्याला बहिणीकडे गेले, पाच-सहा दिवस तिकडेच राहणार आहेत. ते गेल्यावर आनंदाबाई आमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराशी चाळा करत. म्हणाल्या, भोंगा काढून देते, पण घरातच वाजवा, दारं लावून, बारीक आवाजात. ‘मले एक डाव आयकू द्या जी. फोटो बोलत नाई.’

मनिषने मेमरी कार्डवरची धूळ झटकली, बॅटरी जोडली. करकर झाली आणि एक दमदार, हसरा आवाज आला. ‘हाऽऽट! कोन हाय रे? हुर्रऽऽ! चाल निंग!’ निंग म्हणजे नीघ. शेवटी तो स्वतःच हसतो, रेकॉर्डिंग करताना मित्राने काही विनोद केला असावा. आनंदाबाई भोंग्यावर हात ठेवून बसल्या होत्या, तापलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा. हसत होत्या आणि डोळे गळत होते. एक डाव म्हणता म्हणता किती वेळा वाजवलं कोण जाणे. थांबवा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मनिषने कॉपी करून घेतली. आनंदाबाईंना विचारून. त्या नको म्हणण्याच्या स्थितीत नव्हत्या.

११ नोव्हेंबर

तर मनिषने केवळरामची आरोळी उलटी केली.

चित्रपटात सगळं उलटं आहे, तेव्हा हेही होणारच होतं. काल दिवसभर हेडफोन लावून बसला, आणि संध्याकाळी मला ऐकवलं. आधी हसू. मग आत ओढलेला लांब श्वास, आणि मग एक आवाज, ज्याला शब्द नाहीत, पण जो बाहेर ढकलत नाही, आत ओढतो. हाकलणारी आरोळी बोलावणारी झाली होती. मनिष अक्षरशः उड्या मारत होता. मला आवडलं का, विचारलं. आवडलं. त्याचाच राग आला.

आज दुपारी चारला ते त्याने भोंग्यात भरून शेतात नेलं. आनंदाबाईंना वाटतं, भोंगा माळ्यावर परत गेला. धुऱ्याजवळ योग्य उंचीची जागा नव्हती म्हणून त्याने भोंगा डहाळ्यांच्या ढिगावर ठेवला, तोंड जंगलाकडे. मी म्हटलं, इथे नको. तो म्हणाला, फक्त पाच मिनिटं. मला झाडीच्या कडेला उभं केलं. थोडी पुढे ये. अजून. अजून थोडी. हां, थांब. मग मी बाजूला झाले आणि त्याने बटण दाबलं.

पहिल्यांदा काही नाही. ‘अजून एकदा.’ दुसऱ्यांदा वानरं खेकसायला लागली, आणि मग एकदम गप्प. सगळंच गप्प, किडेसुद्धा. ‘अजून एकदा.’ तिसऱ्यांदा भोंगा थांबला आणि समोरचं उंच गवत मधोमध हळूच आडवं होत गेलं. वारा नव्हता.

मनिष म्हणतो, आजवरचा आपला सर्वांत सुंदर शॉट. जेवताना आनंदाबाईंनी त्याला भात वाढला तेव्हा मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

१२ नोव्हेंबर

सकाळी धुऱ्यावर गेलो. ढीग पसरला होता, जणू त्याखालून कोणी उठलं. मनिष म्हणाला, भोंग्याच्या वजनाने घसरला असेल. आम्ही दोघांनी तो परत रचला. मी पळसाच्या ओल्या डहाळ्या तोडून वर टाकल्या, हात सोलवटेपर्यंत.

परतताना पायवाटेवर एक वाळकी डहाळी पडलेली दिसली. थोड्या अंतरावर दुसरी. गावाच्या दिशेने.

आनंदाबाईंच्या दारातलं कुत्रं कालपासून कुठेतरी गेलं आहे.

१४ नोव्हेंबर

दुपारी जेवणाच्या सुट्टीत लक्ष्मणरावांच्या शेतात कापणीला आलेल्या बायका बांधावर बसल्या होत्या. आम्हीही तिथेच होतो, आनंदाबाईंनी दिलेला डबा घेऊन. जंगलातून आरोळी आली. सरळ, उलटी नव्हे. ‘कोन हाय रे? हुर्रऽऽ!’ आणि शेवटी ते हसू.

भोंगा आमच्या खोलीत होता. बॅटरी काढून ठेवलेली. मी स्वतः काढली होती.

एकीही बाई किंचाळली नाही. त्यांनी विळे उचलले, डबे तसेच टाकले आणि सगळ्या एका रांगेत गावाकडे निघाल्या, कोणी कोणाशी न बोलता. जागेश्वरभाऊंनी माझा दंड धरला आणि एवढंच म्हणाले की मागे पाहू नका, ओ देऊ नका. मी नाही पाहिलं. मनिषने पाहिलं. तो माइक चालू करत होता.

आता कापलेला धान उघड्यावर पडला आहे आणि उचलायला कोणी येत नाही. धान घरात आला नाही तर भात रांधता येणार नाही, म्हणजे केवळराम सुटणार नाही. आनंदाबाई चुलीशी बसून आहेत. चूल पेटवलेली नाही.

वाटेवरच्या डहाळ्या आज वेशीपर्यंत आल्या आहेत.

१५ नोव्हेंबर

लक्ष्मणराव परत आले. आनंदाबाईंनी आपला दोष आपणच सांगितला. पुढचं मी सांगितलं, सगळं. वाटलं ते ओरडतील, हाकलून देतील. तसं झालं असतं तर बरं होतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘तोंड कोनीकडे होतं भोंग्याचं?’ जंगलाकडे, मी म्हटलं. ते खाली बसले. म्हणाले, आम्ही त्याला एवढ्यासाठी वर्षभर हाक मारली नाही. त्याच्या मायने ही वर्षाची कळ कशी काढली ते तिचं तिला ठाऊक, आणि तुम्ही...

आणि उठून मागे विहिरीवर निघून गेले.

मला इथून निघायचं आहे. भीती वाटते, आणि लाजही वाटते. मनिषला म्हटलं, उद्या पहाटेची जीप. तो कबूल झाला. पण त्याआधी एकच संध्याकाळ, एकच रेकॉर्डिंग. जंगलातून आलेली ती आरोळी त्याच्या माइकमध्ये नुसती करकर म्हणून आली आहे. असा आवाज कोणी ऐकला नसेल, म्हणतो. मी भांडले. रडलेसुद्धा. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, शेताच्या अलीकडेच थांबतो, अंधाराच्या आत परत. हेडफोन गळ्यात अडकवून शीळ घालत गेला.

साडेपाच झाले आहेत. अजून उजेड आहे. मी दारात बसून लिहिते आहे.

अंधार पडला. लक्ष्मणराव आणि जागेश्वरभाऊ टेंभे घेऊन निघाले आहेत. मी अजून काही सांगितलंही नव्हतं. त्यांनी शेताकडून केवळरामचं ते हसू ऐकलं, म्हणे. आणि मग ते मध्येच थांबलं.

१६ नोव्हेंबर

हेडफोन सापडले. माइकची काठी सापडली. तो नाही.

वनखात्याची माणसं आली आहेत. ओल्या बांधीत वाघाचे पंजे आहेत. त्यांच्या पुढे पुढे माणसाची अनवाणी पावलं. मनिषच्या पायात बूट होते. एक गार्ड म्हणाला, कापणीवाल्यांची जुनी पावलं असतील. पण मी पाहिलं. पंजा पावलावर पडलेला आहे. पाऊल आधी.

१७ नोव्हेंबर

मिळाला. दुपारी.

मला बघू दिलं नाही. बुटावरून मी—

आनंदाबाई माझ्याजवळ बसून आहेत. माझा हात सोडत नाहीत आणि माझ्याकडे बघत नाहीत. त्यांनी आज भोंगा लावून पाहिला. मनिषने केवळरामचं मूळ रेकॉर्डिंग त्यात परत घातलं होतं, मी स्वतः ऐकलं होतं. आता त्यात काही नाही. नुसती खरखर. गावातही कोणाला त्याची आरोळी ऐकू आली नाही. बायका शेतात परत गेल्या. धान उचलला गेला.

आनंदाबाईंनी भात रांधला. डोळे मिटून मला म्हणाल्या, ‘माहा पोट्टा सुटला, बाई. मले माफ कर.’ आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या. मी त्यांच्या केसांवरून हात फिरवला. काय करणार दुसरं? तो सुटला. मला कळलं कसा सुटला.

१८ नोव्हेंबर

मनिषचा भाऊ उद्या येतो आहे.

लक्ष्मणरावांनी आज धुऱ्यावर नवी डहाळी टाकली. पहिली. परत आल्यावर माझ्यासमोर बसून मुलीला सांगावं तसं सांगितलं. वर्षभर नाव घ्यायचं नाही. हाक मारायची नाही. आणि ऐकू आलं तरी— ‘पोरी, ओ देऊ नोको. काहीबी झालं तरी.’

ज्याला कोणीच नाही त्याची हाक कोणाला लागत नाही, म्हणाले. ज्याचं कोणी मागे उरलं आहे, त्याची हाक तिलाच—

मी हो म्हटलं. या वहीत तर मी नाव लिहिलं आहे. प्रत्येक पानावर.

दुपारी. भोंगा माळ्यावर, पोत्यात. बॅटरी माझ्या हातात होती. हातात धरूनच बसले होते.

शेताकडून आलं. लांबून, स्वच्छ.

‘हर्षा, अजून एकदा.’

मी तोंडात पदर कोंबला.

१९ नोव्हेंबर

लक्ष्मणराव भावाला आणायला तुमसर रोडला. आनंदाबाईंनी बाहेरून कडी घातली आहे, माझ्याच सांगण्यावरून. खिडकी लावली आहे. कोठीतल्या धानाचा वास.

उंबऱ्याच्या फटीतून पळसाचं पान आत आलं आहे. ओलं.

तो आता शेताकडून बोलत नाही. अंगणातून बोलतो. घाई नाही त्याला. चिडत नाही. शीळ घालतो मध्येच—

ओ दिलेली नाही. दिलेली नाही. दिलेली—

कडी वाजली. आनंदाबाई असतील. नाही, त्या मागच्या विहिरीवर, मला बादलीचा आवाज येतो आहे—

दार उघडं आहे.

ऊन किती आहे बाहेर. काही दिसत नाही उन्हात. नुसता आवाज. थोडी पुढे ये, म्हणतो. मी काही बोलले नाही, खरंच, पण पाय त्याचं ऐकतात, सवय—

अजून, म्हणतो.

वही हातातच आहे. लिहीत राहिले तर मी इथेच—

उंबरा. भिंतीपाशी पिवळं काहीतरी. धानाचा भारा असेल. हललं.

अजून थोडी, म्हणतो. कुठेतरी थांब म्हणतोच तो. नेहमी म्हणतो. थांब म्हटलं की थांबायचं, एवढंच. अजून थांब म्हणालेला ना—